रीजनल म्युझिकलचं ब्रॉडवे ट्रान्सफर

न्यूयॉर्कच्या बाहेर, म्हणजे सॅन दिएगो, सिॲटल, अटलांटा असल्या शहरातल्या रीजनल थिएटरमधे पहिल्यांदा बसवलेलं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधे ब्रॉडवेवर नेतात त्याला ट्रान्सफर म्हणतात. ब्रॉडवे हा रस्ता असला तरी नाटकधंद्यात त्याचा अर्थ ठरलेली ४१ थिएटरं, प्रत्येकात किमान ५०० सीट, जवळपास सगळी टाइम्स स्क्वेअरच्या आसपास. ऐकायला वाटतं की सेट ट्रकमधे टाकला, नट विमानात बसवले आणि झालं, पण बरेचदा नाटक नव्याने बांधावं लागतं आणि आधी जे जमलेलं असतं तेच नेमकं त्यात सुटून जातं.

मुळात दोन्हीकडचं अर्थकारणच वेगळं. रीजनल थिएटर बहुतेक नॉन-प्रॉफिट असतात, देणग्या आणि वर्षभराची तिकिटं आधीच घेतलेले मेंबर यांच्यावर चालतात, एक शो चार-सहा आठवडे चालला की पुढचा. प्रेक्षक आपल्या थिएटरवर विश्वास ठेवून येतो, अनोळखी नाटक असलं तरी येतो. ब्रॉडवेवर असा बांधलेला प्रेक्षक नसतो, मोठा वाटा टुरिस्टांचा, आणि एवढ्या महाग तिकिटाला त्याला ओळखीचं काहीतरी हवं असतं, नट नाहीतर सिनेमाचं नाव नाहीतर गाणी. त्यामुळे सॅन दिएगोत उभं राहून टाळ्या मिळाल्या म्हणून न्यूयॉर्कला तिकीट खपेल असं काही नाही, पण खपेलच हा गैरसमज प्रोड्यूसर लोकांचा आजही जात नाही.

बऱ्याचदा हा व्यवहार सुरुवातीपासूनच ठरलेला असतो. कमर्शियल प्रोड्यूसर रीजनल थिएटरला वरचे पैसे देतो, थिएटरच्या स्वतःच्या बजेटमधे बसला नसता असा मोठा सेट आणि ऑर्केस्ट्रा त्यातून होतो, बदल्यात पुढच्या कमाईत थिएटरला छोटा वाटा. सॅन दिएगोच्या ला होया प्लेहाउसमधे २००४ साली सुरू झालेलं 'जर्सी बॉईज' २००५ ला ब्रॉडवेवर गेलं आणि २०१७ पर्यंत चाललं, असं एखादं लागलं की बाकीच्या थिएटरांनाही आशा लागते. टीका अशी होते की देणगीदारांच्या पैशावर चालणारी संस्था मग खाजगी प्रोड्यूसरची प्रयोगशाळा बनते, आणि ती टीका अगदीच चुकीची नाही. न्यूयॉर्कला जाण्यासारखं काय आहे हे बघूनच नाटकं निवडली जाऊ लागतात.

मग थिएटर मिळण्याचा प्रश्न. मराठी नाटकासारखं आज दादर उद्या चिंचवड असं नसतं, शो एका थिएटरमधे मुक्काम ठोकतो तो पडेपर्यंत, आणि ४१ मधली बहुतेक थिएटरं तीन मोठ्या मालकांच्या हातात. एखादा शो दहा वर्षं चालला की ते थिएटर दहा वर्षं बंद झाल्यासारखंच. करारात अटही असते, आठवड्याची कमाई ठरलेल्या आकड्याखाली गेली की मालक शो काढू शकतो. 'टक एव्हरलास्टिंग'चं बघा. २०१३ ला बॉस्टनला या म्युझिकलचं ट्रायआउट, म्हणजे ब्रॉडवेआधीचे चाचणीचे प्रयोग, ठरलेलं, पण पुढे ब्रॉडवेवर जागाच नाही म्हणून ते रद्द झालं, मग २०१५ ला अटलांटाच्या अलायन्स थिएटरमधे झालं, एप्रिल २०१६ मधे एकदाचं ब्रॉडवेवर उघडलं ते नेमकं 'हॅमिल्टन' या तुफान गाजलेल्या म्युझिकलच्या सीझनमधे, आणि ३९ प्रयोगात संपलं. एप्रिलमधे गर्दी असतेच कारण टोनी या ब्रॉडवेच्या मोठ्या पुरस्कारांची मुदत महिनाअखेरीला संपते, सगळेच तेव्हा घुसतात आणि एकमेकांची जाहिरात खातात.

युनियनचे नियमही वेगळे. नटांचा करार बदलतो, स्टेजहँड, म्हणजे पडद्यामागच्या कामगारांचे दर वाढतात, मोठ्या थिएटरमधे किमान किती वादक हवेत हे आधीच ठरलेलं असतं, म्हणजे सहा जणांचा बँड घेऊन आलात तरी त्याबद्दल बोलणी करावी लागतात. २००३ मधे याच वादक-संख्येवरून संप होऊन ब्रॉडवेची म्युझिकल चार दिवस बंद होती.

पण खरी मेख आकारात आहे असं वाटतं, छोट्या थिएटरमधला शो मोठ्यात कसा बसवायचा यात. कनेक्टिकटमधल्या ईस्ट हॅडमचं गुडस्पीड ऑपेरा हाउस नदीकाठचं, सुमारे चारशे सीटचं, १८७० च्या दशकातलं. १९७६ च्या उन्हाळ्यात तिथे अनाथ मुलीची गोष्ट सांगणारं 'ॲनी' झालं. मुख्य मुलगी फारच गोड वाटते म्हणून तिथेच बदलली आणि अनाथ मुलींच्या घोळक्यातली अँड्रिया मॅकार्डल ॲनी झाली, नंतर नामवंत दिग्दर्शक माइक निकोल्स प्रोड्यूसर म्हणून आले, अनाथाश्रम चालवणाऱ्या मिस हॅनिगनच्या रोलमधे डोरोथी लाउडन आली, वॉशिंग्टनला परत ट्रायआउट, आणि एप्रिल १९७७ मधे ब्रॉडवेवर उघडून २,३७७ प्रयोग. म्हणजे गुडस्पीडमधला शो आणि ब्रॉडवेचा शो हे एकच नव्हते, मधलं वर्ष कामी आलं. त्याच मंडळींनी पुढे दुसरा भाग केला तो मात्र १९९० च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधेच बंद करावा लागला, न्यूयॉर्क दिसलंच नाही.

उलट उदाहरण 'कम फ्रॉम अवे'चं. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडच्या गँडरला ३८ विमानं उतरवली, गावाने हजारो प्रवाशांना जवळपास पाच दिवस सांभाळलं, त्यावरचं हे म्युझिकल आधी कॅनडात शेरिडन कॉलेजमधे विद्यार्थ्यांबरोबर घडलं, मग २०१५ ला ला होया आणि सिॲटल, २०१६ ला वॉशिंग्टन आणि टोरांटो, मग मार्च २०१७ ला ब्रॉडवे. बारा नट, खुर्च्या, झाडांची खोडं, स्टार कुणी नाही, इंटरव्हल नाही. मोठ्या थिएटरमधे भर घालायचा मोह त्यांनी टाळला, आणि गर्दीचा इफेक्ट एकाच नटाला चार-पाच माणसं करायला लावून साधला. २०२२ पर्यंत चाललं. अर्थात एवढे थांबे परवडायला प्रोड्यूसरकडे पैसा आणि धीर दोन्ही लागतात.

मुंबईशी थेट संबंध असलेलं ताजं उदाहरण म्हणजे 'कम फॉल इन लव्ह'. मराठा मंदिरला १९९५ पासून चालू असलेल्या 'दिलवाले दुल्हनिया'चं हे म्युझिकल, दिग्दर्शन आदित्य चोप्रांचंच, संगीत विशाल-शेखरचं, आणि २०२२ च्या शरद ऋतूत सॅन दिएगोच्या ओल्ड ग्लोबला झालं. ब्रॉडवे तर आधीच जाहीर केलेला, २०२२-२३ चा सीझन. पण राजच्या जागी रॉजर नावाचा गोरा अमेरिकन हिरो आणल्यावर भारतीय प्रेक्षकांनी सोशल मीडियावर चांगलंच धारेवर धरलं, आणि न्यूयॉर्क काही झालं नाही. २०२५ ला ते मँचेस्टरला झालं, तिथेही रॉजरच. ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला चालेल असं करायचं म्हणून जो मूळ चाहता फुकटात जाहिरात करणार होता त्यालाच नाराज केलं, ट्रान्सफरच्या हिशोबात ही चूक महागाची.

एवढं सगळं असूनही लोक का जातात, तर पाचातलं एखादंच म्युझिकल गुंतवणूक वसूल करतं हे माहीत असूनही नंतरच्या हक्कांचा पैसा असतो. ब्रॉडवेवर झालं हा शिक्का बसला की शाळा, कॉलेज, हौशी ग्रुप परवाने घेऊन प्रयोग करतात. न्यूयॉर्कला ३९ प्रयोगात आपटलेलं 'टक एव्हरलास्टिंग' अमेरिकेतल्या शाळांमधे आजही होत असतं, आणि त्याची रॉयल्टी येत राहते.