चौकट कागदाची की पृथ्वीची?

एखादा सागरी नकाशा समोर घ्या आणि त्याची डावी किंवा उजवी किनार जवळून पाहा. तिथं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक उभी शिडी दिसेल. शोभेसाठी काढलेली वाटते, पण ती मोजपट्टी आहे. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, १८५२ मीटर. नावाडी कर्कटकाची दोन टोकं नकाशावरच्या दोन ठिकाणी टेकवतो, तेवढंच अंतर धरून कर्कटक किनारीवर आणतो आणि पायऱ्या मोजतो. अट एकच: शिडीचा भाग आपण आहोत त्याच अक्षांशाच्या आसपासचा घ्यायचा. मर्केटर प्रक्षेपणात (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत) ध्रुवाकडे जाताना या पायऱ्या लांबत जातात आणि ६० अंशांवरची पायरी विषुववृत्तावरच्या पायरीच्या दुप्पट होते. वरच्या आणि खालच्या किनारीवर मात्र हे मोजमाप करायचं नाही. तिथले मिनिट रेखांशाचे असतात.

संगणकावर नकाशा करायला बसलं की हे सगळं विसरायला होतं, कारण तिथं चौकट म्हणजे एक टिचकी. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या प्रणालीत छपाईच्या मांडणीवर नकाशा टाकला, चौकटीच्या खुणेवर टिचकी मारली, की भोवती रेषा हजर. ही रेषा कागदाची. तिला पृथ्वीचं काहीही ठाऊक नाही. नकाशा सरकवा, लहान-मोठा करा, ती जागची हलत नाही. तिची जाडी मिलिमीटरमध्ये, तिचे कोपरे कागदावर.

पृथ्वीची चौकट वेगळी. ती अक्षवृत्तांनी आणि रेखावृत्तांनी बनते, आणि ती बहुधा आयत नसते. ४५ ते ४६ अंश उत्तर अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढा तुकडा घ्या. त्याची दक्षिणेची बाजू सुमारे ७८.८ किलोमीटर, उत्तरेची ७७.५ किलोमीटर. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून वरची बाजू आखूड. १:२,५०,००० प्रमाणावर हा फरक साडेपाच मिलिमीटर पडतो. साध्या पट्टीनंही पकडता येईल एवढा. भूमापन नकाशाच्या पानाला काटकोनी चौकट बसवली, तर कुठेतरी शेजारच्या पानाचा प्रदेश आत येणार किंवा आपला बाहेर राहणार. आणि पानं एकमेकांना जोडायला गेलं की ते लगेच उघडं पडणार.

मग अंश-मिनिटांची चौकट काढायची ठरली, तर चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन बहुभुज काढला की झालं, असं वाटतं. इथं एक मजेदार खाच आहे. संगणकाच्या लेखी रेषा म्हणजे बिंदूंची यादी. प्रक्षेपण बदलताना तो फक्त या बिंदूंना नव्या जागी नेतो आणि मधली जागा सरळ रेषेनं जोडतो. शंकू प्रक्षेपणात अक्षवृत्त हे वर्तुळाचा कंस असतं, पण चार बिंदूंच्या चौकटीला वाकायला मध्ये बिंदूच नाहीत. परिणामी चौकट ताठ, तिच्यालगतची अक्षवृत्त-रेखावृत्तांची जाळी कमानदार, आणि दोहोंमध्ये एक चंद्रकोरीसारखी फट. उपाय सोपा आहे. प्रक्षेपणाआधी बाजूंवर बिंदू दाट करून घ्यायचे. क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी तयार साधन आहे. मोठ्या प्रदेशाचा नकाशा असेल, तर माझ्या मते हे काम आठवणीवर सोडू नये, सवयच लावून घ्यावी.

जाळीचं अंतर भरताना आणखी एक घोळ होतो. चौकटीच्या आकड्यांसाठी 'दर १' असं लिहिलं जातं, मनात असतो एक अंश. पण नकाशा यूटीएमसारख्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या, प्रणालीत असेल, तर संगणक त्याचा अर्थ एक मीटर घेतो आणि काही किलोमीटरच्या प्रदेशात हजारो रेषा मागितल्या जातात. जाळीसाठी नकाशाहून वेगळी निर्देशांक प्रणाली (जागा आकड्यांनी सांगायची पद्धत) निवडता येते, हे अनेकांना बरंच उशिरा कळतं. नकाशा मीटरमध्ये, किनारीवरचे आकडे अंशांत, असं खुशाल चालतं. मीटरची आणि अंशांची अशा दोन्ही जाळ्या एकत्र दाखवल्या, तर त्या एकमेकींना किंचित तिरप्या दिसतील. ती चूक नव्हे. यूटीएम पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तापासून दूर गेलं की जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत कोन पडतोच.

हा सगळा विचार सर्वांत स्वच्छपणे दिसतो तो जीएमटी (जेनेरिक मॅपिंग टूल्स) या नकाशे काढायच्या आज्ञावलींच्या संचात. पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी तो १९८८ मध्ये लिहायला घेतला. त्यात खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा टंकायची. चौकटीसाठी तीन आकडे द्यायचे: किती अंशांवर आकडा छापायचा, किती अंशांवर किनारीची पट्टी बदलायची, आणि किती अंशांवर नकाशाभर रेषा ओढायची. चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं लिहायची. मोठ्या लिपीतलं अक्षर दिलं तर त्या बाजूला आकडे येतात, छोट्या लिपीतलं दिलं तर नुसती किनार. काळी-पांढरी किनार मागूनही काही प्रक्षेपणांत, उदाहरणार्थ तिरप्या मर्केटरमध्ये, जीएमटी मुकाट्यानं साधी रेषा देतो. बरोबरच आहे. नकाशाची कड अक्षवृत्ता-रेखावृत्तांना धरून जात नसेल, तर तिच्यावरच्या पट्ट्या मोजणार काय?

जाडीचं म्हणाल, तर अर्ध्या मिलिमीटरची रेषा १:५०,००० प्रमाणावर जमिनीवरचे २५ मीटर झाकते. रेषा दिलेल्या निर्देशांकावर मध्यभागी बसते, म्हणजे साडेबारा मीटर आत, साडेबारा बाहेर. म्हणून मोजमापाची रेषा बारीक ठेवावी आणि भपकाच हवा असेल, तर बाहेर थोडं अंतर सोडून दुसरी जाड चौकट काढावी. जुने नकाशाकार हेच करत. फार बारीक करूनही भागत नाही. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके छापताना, एक ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा असतो, त्याहून बारीक रेषा धड छापली जात नाही.

राहता राहिलं १८० अंशांचं रेखावृत्त. पूर्व १७० ते पश्चिम १७० असा वीस अंशांचा तुकडा हवा असतो. संगणकाला मात्र दोन संख्या दिसतात, अधिक १७० आणि उणे १७०, आणि तो भाबडेपणानं उलट्या बाजूनं ३४० अंशांची चौकट काढतो. पॅसिफिकमधली चार बेटं हवी होती, ती सोडून उरलेलं सगळं जग चौकटीत. जिओजेसन या फाइल-प्रकाराच्या २०१६ च्या मानकात यासाठी सांगितलंय, की असा आकार १८० अंशांवर कापून दोन तुकडे करावेत. चौकटीचे दोन तुकडे केले, की त्या कापावर एक नको असलेली उभी रेष उमटते, आणि ती मग हातानं लपवावी लागते.