दमा आणि स्वसंमोहन

दमा आटोक्यात ठेवायला औषधांच्या जोडीला शरीर सैल सोडणं आणि मग त्या सैलावलेल्या अवस्थेत स्वतःच स्वतःला सूचना देणं, अशी जी तंत्रं वापरतात त्यांची ही नोंद. पहिल्या भागाला रिलॅक्सेशन म्हणतात, त्यात सूचना मिसळली की स्वसंमोहन किंवा सेल्फ हिप्नोसिस. दोघांच्या मधली रेघ फार ठळक नाही, प्रत्यक्षात बहुतेक शिकवणारे दोन्ही एकत्रच शिकवतात. ही औषधाच्या बदली वापरायची गोष्ट नाही हे आधीच सांगितलेलं बरं. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला कायमची सूज असते, तिच्यावर स्टेरॉइड इनहेलरच लागतो, नुसतं शांत पडून ती सूज उतरते असं कुणी दाखवलेलं नाही.

दम्याचा मनाशी संबंध आहे हे निरीक्षण जुनंच. बाराव्या शतकाच्या शेवटी मैमोनिडीस या ज्यू वैद्याने दम्यावर लिहिलं त्यात भावनांचा उल्लेख आहे, आणि १८६० च्या सुमाराला हेन्री हाइड सॉल्टर या इंग्लिश डॉक्टरने, जो स्वतः दमेकरी होता, दमा मुख्यतः नर्व्हचा आजार म्हणून मांडला. १८८६ मध्ये मॅकेन्झी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलाबाची ॲलर्जी असलेल्या बाईला कृत्रिम गुलाब दाखवून अटॅक आलेला नोंदवला, हे उदाहरण आजही जिथे तिथे सापडतं. पुढे १९४१ च्या आसपास शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर या मनोविश्लेषकाच्या गटाने तर दमा म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं असा सिद्धांत काढला. तो आता कुणी धरत नाही, पण मधल्या काळात कितीतरी आयांच्या माथी विनाकारण दोष आला.

तंत्राचा उगम नक्की कुणाचा यावर एकमत नाही. मँचेस्टरचा सर्जन जेम्स ब्रेड याने १८४३ मध्ये हिप्नोटिझम हे नाव रूढ केलं आणि स्वतःवरही प्रयोग केले, म्हणून काहीजण मान त्याला देतात. १९२० च्या दशकात गाजलेला फ्रेंच फार्मासिस्ट एमिल कुए म्हणायचा की सगळं संमोहन शेवटी माणूस स्वतःवरच करतो, त्यामुळे दुसरे त्याच्याकडे बोट दाखवतात. पण आज दम्याच्या रुग्णांना जे शिकवतात त्याची ठेवण बघितली तर ती जर्मनीतल्या ऑस्कर फोग्ट आणि योहानेस शुल्ट्झ यांच्या वळणाची जास्त वाटते. फोग्टला दिसलं की संमोहनाची सवय झालेले रुग्ण स्वतःहून त्या अवस्थेत जातात, त्यावरून शुल्ट्झने १९३२ मध्ये ऑटोजेनिक ट्रेनिंग मांडलं: हात जड झालाय, हात गरम झालाय, मग हृदय, मग श्वास आपोआप चाललाय, पोटात ऊब, कपाळ थंड, अशा ठरलेल्या वाक्यांची साखळी. दुसरी धारा अमेरिकन एडमंड जेकबसनची, त्याचं प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन १९२९ मध्ये पुस्तकरूपात आलं. गंमत म्हणजे जेकबसनला सूचना देणं अजिबात मान्य नव्हतं, त्याच्या मते स्नायूतला ताण ओळखून तो सोडायला शिकणं हे कौशल्य आहे, संमोहन नाही. आज एकाच ऑडिओत दोन्ही ऐकू येतात.

नुसत्या सूचनेने श्वासनलिका खरंच बदलते का, हा सगळ्यात वादाचा आणि सगळ्यात नीट तपासलेला मुद्दा. १९६८ मध्ये ल्युपारेलो आणि सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांना नेब्युलायझरमधून (औषधाची वाफ देणारं यंत्र) साधं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी, दिलं पण सांगितलं की यात तुम्हाला त्रास देणारा पदार्थ आहे. १९ जणांच्या श्वासनलिकांचा अवरोध मोजण्याइतका वाढला, त्यातल्या १२ जणांना पूर्ण अटॅकच आला, आणि मग तेच सलाइन औषध म्हणून दिल्यावर तो उतरला. पुढच्या वर्षी ह्याच गटाने दाखवलं की आधी ॲट्रोपिन, म्हणजे व्हेगस या नर्व्हचा परिणाम अडवणारं औषध, दिलं तर असा अटॅक येत नाही, म्हणजे मार्ग त्याच नर्व्हचा असणार. यावरून पुष्कळांनी घाईने उलटा निष्कर्ष काढला, की सूचनेने बंद होतं तर सूचनेने उघडणारच. इथे सावध राहायला हवं. सूचनेने आलेला अटॅक सूचनेने जाणं वेगळं आणि परागकण किंवा सर्दीमुळे आलेला जाणं वेगळं. शिवाय एक पेच आहे ज्याच्याकडे पॉल लेहरर या संशोधकाने लक्ष वेधलं: माणूस शांत झाला की पॅरासिंपथेटिकचा (शरीर शांत करणाऱ्या, व्हेगसमधून चालणाऱ्या यंत्रणेचा) जोर वाढतो, आणि व्हेगस तर श्वासनलिका आवळणारी नर्व्ह, मग रिलॅक्सेशनने दमा वाढायला हवा. काही प्रयोगांत शांत झाल्या झाल्या फुप्फुसाचे आकडे थोडे खाली गेलेले दिसलेही, फायदा असला तर तो काही आठवडे सराव केल्यावर दिसतो. म्हणून सरावाने घाबरून जोरजोरात श्वास घेणं कमी होतं आणि त्याचा फायदा होतो, हे स्पष्टीकरण थेट नलिका रुंद होण्यापेक्षा जास्त पटतं.

संमोहनाच्या ट्रायल्सपैकी (रुग्णांवरच्या चाचण्या) सर्वात मोठ्यांपैकी एक ब्रिटिश ट्युबरक्युलोसिस असोसिएशनची, १९६८ चीच, २५२ रुग्ण. एका गटाला महिन्याला एकदा संमोहन आणि घरी रोज स्वसंमोहन, दुसऱ्याला शरीर शिथिल करणारे श्वासाचे व्यायाम, असं वर्षभर. कोण कुठल्या गटात हे माहीत नसलेल्या डॉक्टरांनी तपासलं तर संमोहनवाले ५९ टक्के आणि व्यायामवाले ४३ टक्के बरेच सुधारलेले आढळले. पण फुप्फुसाच्या मोजमापात दोन्ही गट जवळपास सारखेच होते, आणि तुलनेचा गट स्वतःच रिलॅक्सेशन करत होता हे विसरू नये. संमोहनाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचे रुग्ण जास्त सुधारले हेही त्यातच आहे. १९८६ मध्ये युअर आणि स्ट्युअर्ट यांनी ३९ जणांवर केलेल्या छोट्या अभ्यासात फक्त ज्यांच्यावर संमोहन पटकन चढतं अशा १२ जणांना फायदा झाला, श्वासनलिकेची चटकन आवळण्याची प्रवृत्ती सुमारे ७५ टक्क्यांनी सुधारली, बाकीच्यांना काही नाही. २००२ मध्ये हंटली वगैरेंनी १५ ट्रायल्स तपासून एकूण पुरावा कमकुवत ठरवला, स्नायू शिथिलीकरणाच्या बाजूने मात्र थोडासा आधार मान्य केला. थोडक्यात माणसाला बरं वाटतं याचा पुरावा नळी मोकळी होते याच्यापेक्षा बराच बरा आहे.

पद्धत सगळ्यांना साधारण माहीत असते: आरामात बसायचं, एका बिंदूवर नजर, पायापासून वरपर्यंत स्नायू सोडत जायचं, आकडे मोजायचे, मग छाती सैल होतेय, श्वास बाहेर सहज जातोय अशा सूचना, आणि शेवटी बोट आणि अंगठा जुळवणं वगैरे एखादी खूण, जी पुढे धाप लागल्यावर वापरता येते. रोज १० ते २० मिनिटं. दम्यात श्वास सोडायलाच जास्त अडचण होते म्हणून भर सोडण्यावर हवा, खोल श्वास घ्या घ्या म्हणणारे ऑडिओ दमेकऱ्याने टाळलेले बरे.

धोका एकच पण मोठा आहे. सूचनेने धाप कमी जाणवते पण नळी तितकीच आवळलेली असू शकते, आणि काही दमेकऱ्यांना तशीही धाप उशिरा कळते. म्हणून पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं छोटं उपकरण) हाताशी हवा, आकडा खाली तर मन कितीही शांत असो आधी रिलीव्हर (लगेच आराम देणारा इनहेलर) घ्यायचा. बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, इनहेलरने फरक पडत नसेल तर सरळ हॉस्पिटल. काही लोकांना शांत पडल्यावर उलट बेचैनीच येते, त्यांना आणि सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणारा) आजार असणाऱ्यांना हे स्वतःहून करू देऊ नये. ज्यांना या तंत्राने चमत्कारासारखा फरक पडतो त्यांच्यापैकी काहींना मुळात दमा नसून घशातल्या स्वरतंतूंच्या आवळण्याचा त्रास असू शकतो, त्यामुळे स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) करून निदान पक्कं करून घ्यावं.

मुलं संमोहनाला मोठ्यांपेक्षा पटकन प्रतिसाद देतात, साधारण ९ ते १२ या वयात सर्वात जास्त, त्यांना सूचनांऐवजी गोष्टीतून नेतात. श्वास कमी घ्यायला शिकवणारी बुटेको पद्धत आणि श्वासाचे व्यायाम व शिथिलीकरण शिकवणारी पॅपवर्थ पद्धत या जवळच्या, पण त्यात सूचना नसते.