सेवा करणं वेगळं आणि सगळ्यांना खूश ठेवणं वेगळं

एखादा लीडर कोणालाच कधी नाही म्हणत नसेल, सगळी कामं स्वतःच्या अंगावर घेत असेल, तर मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, लगेच बोललं जातं, किती नम्र माणूस आहे बघा, खरा सेवक. असेलही तसं. पण सेवकाच्या मनाने पुढारपण करणं आणि लोकांची मर्जी सांभाळत बसणं या दोन गोष्टी बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की भलेभले गोंधळतात, आणि हा गोंधळ मंडळीलाही महाग पडतो आणि त्या माणसालाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय घ्या. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आधीचं ३ रं वचन आपण घाईघाईत वाचून पुढे जातो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलोय आणि देवाकडेच जातोय, हे त्याला माहीत होतं, आणि हे माहीत असतानाच तो उठला. म्हणजे पाय धुवून त्याला काही मिळवायचं नव्हतं, कोणी चांगलं म्हणावं ही गरजच नव्हती. पुढे त्यांच्यातला एक शिष्य, पेत्र, अडून बसतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. मर्जी राखणारा माणूस इथे काय करेल? बरं, राहू दे, तुला अवघडल्यासारखं होतंय ना, असं म्हणून पुढच्याकडे वळेल. येशू सांगतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो, नुसते पायच कशाला, हात आणि डोकंही धुवा, तर येशू तेही करत नाही. इतकं नम्रपणाचं काम चाललंय आणि त्यातच दोन वेळा शिष्याचं म्हणणं मोडलंय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

याच्या शेजारी शौल राजाला उभं करा. १ शमुवेल १५ मध्ये शमुवेल संदेष्टा त्याला आठवण करून देतो की तू स्वतःच्याच नजरेत लहान होतास. म्हणजे शौलाला मोठेपणाची हवा होती असं सरळ म्हणता येत नाही, उलट स्वतःला कमी समजणारा माणूस होता तो. शत्रू असलेल्या अमालेकांचं सगळं नष्ट कर अशी देवाची आज्ञा असताना त्यांची चांगली चांगली मेंढरं-गुरं मागे ठेवली तेव्हा आधी म्हणतो, लोकांनी ठेवली, आणि शेवटी खरं बाहेर येतं, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. आणि एवढं कबूल केल्यावर पुन्हा शमुवेलाला काय विनवतो, तर माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख. बघा ना, लोकांचं ऐकणारा वाटत होता आणि जीव अडकलेला होता स्वतःच्या मानात. स्वतःला कमी लेखणं म्हणजे नम्रता नव्हे, आणि स्वतःला कमी लेखणारा माणूस उलट लोकांच्या शाबासकीला जास्तच भुकेला असतो.

आता आपल्या रोजच्यातलं एक. क्वायरचा लीडर आहे, आणि एक जण दर प्रॅक्टिसला अर्धा तास उशिरा येतो. लीडर काही बोलत नाही, त्याच्या जागी स्वतः कीबोर्ड वाजवतो, माइक लावतो, शेवटी वायरीही स्वतःच गुंडाळतो आणि हसतमुखाने घरी जातो. बघणाऱ्याला वाटतं, काय सेवा आहे! पण उशिरा येणाऱ्याला कोणी काही सांगितलं नाही त्यामुळे तो आहे तिथेच राहिला, वेळेवर येणारे मनातल्या मनात धुमसायला लागले, आणि लीडर आतून कडवट होत चाललाय कारण आपल्या त्यागाची कोणाला किंमतच नाही असं त्याला वाटतंय. यात वायरी गुंडाळणं चुकीचं नाही हो, ती खुशाल गुंडाळावी, पण त्या माणसाला बाजूला घेऊन, काय अडचण आहे, का उशीर होतो, हे प्रेमाने आणि स्पष्ट विचारणं ही त्या टीमची जास्त मोठी सेवा होती आणि तीच टाळली गेली, कारण त्यात समोरच्याचा चेहरा पडायची भीती होती.

मार्क १० मध्ये जब्दीची मुलं, याकोब आणि योहान, येशूच्या गौरवात त्याच्या उजवी-डावीकडे बसायची जागा मागतात. येशू आधी शांतपणे विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं असं तुम्हाला वाटतं, आणि ऐकून घेऊन सांगतो की ते देणं माझ्याकडे नाही. ऐकून घेतलं, पण मागितलं ते दिलं नाही. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपाची तक्रार आली तेव्हा बारा प्रेषितांनी पंगतीची सेवा स्वतःकडे घेतली नाही, सात माणसं निवडायला सांगितली, आणि काम नीट मार्गी लागलं.

मात्र हे वाचून कोणी उलटा अर्थ काढू नये. "मी माणसांना खूश करायला आलो नाही" म्हणत तोडून बोलणारे, कोणाचंच न ऐकणारे पुढारीही पाहिलेत आपण, आणि त्यांना प्रेषित पौलाचं गलतीकरांस १:१० फार आवडतं, मी अजून माणसांना खूश करत असतो तर ख्रिस्ताचा दास नसतो. पण तोच पौल १ करिंथ १०:३३ मध्ये म्हणतो की मी सगळ्या गोष्टींत सगळ्यांना संतोष देतो, स्वतःचं हित न पाहता पुष्कळांचं पाहतो, त्यांचं तारण व्हावं म्हणून. दोन्ही वचनं एकाच माणसाची आहेत. लोकांच्या भल्यासाठी तो वाट्टेल तितका वाकायला तयार आहे, आपल्याला बरं म्हणावं म्हणून मात्र तसूभरही नाही. आणि १ पेत्र ५:३ तर स्पष्टच सांगतं, कळपावर धनीपण गाजवू नका.

आणखी एक फरक आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. सगळ्यांना खूश ठेवणाऱ्याला स्वतःसाठी कोणाकडून काही घेता येत नाही, कोणी मदत करतो म्हटलं तरी नको नको करतो, कारण देणारा हीच त्याची ओळख झालेली असते. सेवा करून घ्यायला नव्हे तर करायला आलो असं म्हणणाऱ्या येशूने मात्र विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. लूक ८ मध्ये मग्दालीया मरीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर बऱ्याच बायका आपल्या पैशाअडक्याने त्याची आणि बारा जणांची सेवा करत होत्या, आणि त्याने ती करू दिली. हक्क म्हणून मागणं वेगळं आणि कोणी प्रेमाने दिलेलं मनापासून घेणं वेगळं, आणि हे दुसरं शिकायला काही पुढाऱ्यांना पाय धुण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.