पेपर वाचता येतो, तरीही डोळे तपासा

पर्वती उतरताना आजोबांची पायरी चुकते. कर्वे रस्त्यावर स्कूटर चालवताना बाजूने आलेली रिक्षा त्यांना अगदी अंगावर आल्यावर कळते. वय झालं म्हणून घरचे सोडून देतात, कारण चष्मा लावून ते पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचतात. काचबिंदू असाच लपून राहतो.

डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. निचरा मंदावला की दाब वाढतो आणि दृष्टीच्या नसेतले तंतू हळूहळू मरतात. असे दहा लाखांहून अधिक तंतू प्रत्येक डोळ्यात असतात. आधी जाते ती बहुधा कडेची नजर. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, उरलेलं मेंदू जुळवून घेतो, त्यामुळे काळा डाग दिसत नाही. आणि दुखतही नाही. डोळ्याचा दाब पाऱ्याच्या मापात साधारण १० ते २१ मिलिमीटर असतो, पण तेवढ्या दाबातही काहींची नस खराब होते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. नस पाहावी लागते, फील्ड टेस्ट, म्हणजे कडेपर्यंत किती दिसतं याची तपासणी, करावी लागते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र रोजच्या थेंबांनी बहुतेकांची टिकते. थेंबांनी फरक पडलेला जाणवत नाही म्हणून कितीतरी जण ते मध्येच सोडतात, याचं फार वाईट वाटतं. घरात आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर तपासणी टाळूच नका. आणि डोळे लाल झाले की मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर दाब वाढू शकतो.

मोतीबिंदूचं तसं सोपं आहे. धूसर झालेलं भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, १९४९ साली लंडनमध्ये ही सुरुवात झाली. तो 'पिकायची' वाट पाहण्याची गरज आता नाही. फार पिकला तर शस्त्रक्रिया उलट अवघड होते.

मधुमेहात डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तरी बराच काळ नजर चांगली असते. म्हणून साखर असलेल्यांनी दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते.

काही लक्षणांना मात्र थांबायला वेळच नसतो. अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, नजरेवर पडदा सरकणं किंवा एका डोळ्याने दिसेनासं होणं, असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा. डोळा लाल, जोराचं डोकं दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलट्या, याला पित्त समजून रात्र काढू नका. तो अचानक चढलेला दाब असू शकतो.

पुण्यात ससून रुग्णालय आहे, मोहम्मदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे. पडदा तपासताना बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्याने काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन खुपतं. त्या दिवशी स्वतःची गाडी नेऊ नका. घरातलं कुणीतरी सोबत न्या.