व्यायाम, नेत्रदाब आणि रक्तदाब

व्यायामाने शरीरातले दोन दाब हलतात: धमन्यांतल्या रक्ताचा आणि डोळ्यातल्या पाण्याचा. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, पण एक चढला म्हणून दुसरा चढतोच असे नाही. ‘बीपी नॉर्मल आहे, म्हणजे डोळ्याचं प्रेशरही बरोबर असणार’ ही समजूत म्हणूनच धोक्याची.

नेत्रदाब साधारणपणे 10 ते 21 मिमी असतो. डोळ्यात पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जाते. बेळगावजवळचा राजहंसगड झपझप चढताना वरचा रक्तदाब वाढतो, खालचा फारसा हलत नाही, आणि नेत्रदाब उलट काही मिलिमीटर उतरतो. विसाव्यानंतर रक्तदाबही काही तास नेहमीपेक्षा खाली राहतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी असे चालणे नियमित ठेवले, तर तो सरासरी 5 ते 8 मिमीने कमी होतो.

खरा प्रश्न श्वासाचा आहे. तालमीत जोर-बैठका लयीत, श्वास घेत-सोडत मारतात. जत्रेतला दगडी गोटा उचलताना मात्र दम कोंडला जातो. छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परतणारे रक्त तुंबते, डोळ्यामागच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि नेत्रदाब चढतो. रक्तदाब तर भलताच उसळतो: 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच शरीरसौष्ठवपटूंनी दोन्ही पायांनी जड वजन रेटले, तेव्हा धमनीत थेट मोजलेला त्यांचा सरासरी दाब 320/250 भरला. शीर्षासनात नेत्रदाब जवळजवळ दुप्पट होतो. पाय खाली आले की तो उतरतो. निरोगी डोळा हे सोसतो.

काचबिंदू, म्हणजे बहुधा वाढत्या नेत्रदाबाने डोळ्याची नस खराब होण्याचा आजार, असलेल्याने मात्र शीर्षासन आणि दम कोंडून वजन उचलणे टाळावे. हा आजार बहुधा दुखत नाही, कडेची नजर गुपचूप खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. म्हणून व्यायामच सोडणे ही दुसरी चूक. चालणे चालूच ठेवावे.

निपाणीचा रुग्ण डोळ्यांसाठी कोल्हापूरला आणि बीपीसाठी गावातल्या डॉक्टरांकडे जात असेल, तर दोघांनाही सगळी औषधे सांगावीत. काचबिंदूवरचे टिमोलॉलचे थेंब रक्तात उतरतात. त्यांनी नाडी मंदावते, चढणीवर लवकर थकवा येतो, आणि दमेकऱ्याला ते घातक ठरू शकतात. उलट, बीपीच्या गोळीने रात्री रक्तदाब फार उतरला, तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडते.