सोडतीतला आकडा: 32767 आला कुठून?

पुणेकरांना सोडत नवी नाही. म्हाडाची घरं असोत वा आरटीईचे शाळाप्रवेश, नावं सोडतीनेच लागतात. अलीकडे सोसायटीतलं पार्किंगही असंच वाटलं जातं. मोठ्या सोडतींना स्वतंत्र यंत्रणा असते. सोसायटीत मात्र हे काम आयटीत नोकरीला असलेल्या एखाद्या सभासदाच्या गळ्यात पडतं आणि तो चार ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून मोकळा होतो. त्या चार ओळींत बहुतेकदा बॅशचं, म्हणजे अशा आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामचं, ‘रँडम’ हे व्हेरिएबल असतं. ते दर वेळी 0 ते 32767 मधला एक आकडा देतं. हीच मर्यादा का, आणि या आकड्यावर कितपत विसंबावं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

1927 साली संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांचा 41,600 यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या, अंकांचा तक्ता लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून निघाला. जनगणनेच्या अहवालांतले आकडे घेऊन तो रचला होता. बुध या सातारा जिल्ह्यातल्या गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे पुढे त्याच कॉलेजात संशोधनाला गेले. परतल्यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी पानसे यांनी पिकांच्या नमुना-पाहणीची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. आज पीक कापणी प्रयोगात शेत कुठलं आणि शेतातला तुकडा कुठला, हे यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. माणसाची नजर उभ्या, चांगल्या पिकाकडेच वळते. म्हणून निवड नजरेवर सोडायची नाही. सुखात्मे उत्तरायुष्यात पुण्यातच राहिले. या शहराचा या विषयाशी असलेला हा संबंध आपण सहसा आठवत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

संगणक आल्यावर तक्ते अपुरे पडले. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने 1947 मध्ये इलेक्ट्रॉनिक रुलेट चालवून दहा लाख अंक काढले आणि 1955 मध्ये ते पुस्तकरूपाने छापले. पण एनिॲकसारख्या सुरुवातीच्या संगणकाला एवढे अंक साठवायला जागाच नव्हती. शिवाय अशा यंत्रांवर काम करणारे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची अडचण आणखी खोल होती. गणित चुकलं की काय हे तपासायला तेच आकडे, त्याच क्रमाने पुन्हा मिळायला हवेत. निसर्गातून घेतलेला आकडा तसा परत मिळत नाही. म्हणून त्यांनी आकडे सूत्रानेच काढायचं ठरवलं: संख्येचा वर्ग करा, मधले अंक उचला. 1234 चा वर्ग 01522756, मधले अंक 5227. त्याचा वर्ग 27321529, म्हणून पुढचा आकडा 3215. दिसायला छान, पण 6100 पासून सुरुवात करून पाहा: 2100, 4100, 8100 आणि पुन्हा 6100. पुढे तेच चार आकडे फिरत राहतात. अंकगणिताने यादृच्छिक आकडे काढू पाहणारा पापच करतो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. काय सोडतोय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

डी. एच. लेमर यांनी 1949 मध्ये सुचवलेली गुणाकार करून बाकी घेण्याची रीत जास्त टिकली. तीही निष्काळजीपणे वापरली की फसते. आयबीएमच्या ‘रँडू’ या याच रीतीच्या सूत्रात गुणक 65539 होता. त्याचे सलग तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले तर सगळे फक्त 15 प्रतलांवर बसतात. कितीतरी संशोधकांनी ते वर्षानुवर्षं विश्वासाने वापरलं.

आपला 32767 याच घराण्यातला. 1979 च्या युनिक्स या संगणक प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतलं ‘रँड’ हे फंक्शन 1103515245 ने गुणायचं, 12345 मिळवायचं आणि वरचे 15 बिट (0 किंवा 1 चे अंक) परत द्यायचं. युनिक्स चालायचं त्या पीडीपी-11 संगणकावर पूर्णांक 16 बिटांचा. चिन्हाचा एक बिट गेला की उरतात 15, आणि त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या 32767. सी भाषेच्या प्रमाणकाने 1989 मध्ये किमान मर्यादा म्हणून हीच 32767 ठेवली. बॅशच्या आधीच्या कॉर्न शेलमध्येही ‘रँडम’ याच पल्ल्याचं होतं आणि बॅशने तोच पल्ला ठेवला. यंत्रं 64 बिटांची झाली, पल्ला तसाच राहिला.

म्हणून 250 सभासदांना एकेक ‘रँडम’ देऊन यादी लावली, तर कुठल्या तरी दोघांना एकच आकडा येण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त असते. 10,000 ने भागून बाकी घेतली, तर 0 ते 2767 हे आकडे चार वाटांनी येतात आणि उरलेले तीनच वाटांनी.

दुसरी गोष्ट सीडची, म्हणजे सूत्र जिथून सुरू होतं त्या आकड्याची. ऑक या शेल स्क्रिप्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या भाषेत सीड दिलंच नाही, तर बहुतेक ठिकाणी दर वेळी तेच आकडे येतात. घड्याळावरून घेतलं, तर एकाच सेकंदात दोनदा चालवल्यावर तेच येतात. 1995 मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केप या ब्राउझरचं सीड वेळ आणि प्रोसेस क्रमांकांवरून (चालू प्रोग्रामना संगणक देतो त्या क्रमांकांवरून) बनतं हे शोधून त्याच्या सांकेतिक संदेशांच्या गुप्त किल्ल्या ओळखून दाखवल्या. डेबियन या लिनक्स प्रणालीत 2006 साली झालेल्या एका बदलामुळे ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रामचं सीड प्रोसेस क्रमांकापुरतंच उरलं होतं. 2008 मध्ये ते उघड झालं, तोवर एकेका प्रकारच्या किल्ल्या जेमतेम 32 हजार उरल्या होत्या. थिओडोर त्सो यांनी 1994 मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, याचा उपाय सुरू केला होता: कीबोर्ड, डिस्क यांच्या वेळांतली अनिश्चितता गोळा करून त्यातून आकडे द्यायचे. बॅशमध्ये मात्र त्या धर्तीचं ‘एसरँडम’ हे व्हेरिएबल आलं ते 5.1 आवृत्तीत, 2020 च्या डिसेंबरमध्ये. ते 32 बिटांचं आहे आणि त्याला सीड देता येत नाही.

सोडतीला तेही पुरत नाही, असं माझं ठाम मत आहे. आकडा कुणाला आधी ओळखता येऊ नये, हे झालंच. पण मनासारखी यादी येईपर्यंत स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवणाऱ्याला ‘एसरँडम’ कसं अडवणार? तिथे फॉन नॉयमन यांना हवी होती तीच गोष्ट, पुन्हा तपासता येणं, लागते. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी 2004 च्या आरएफसी 3797 मध्ये दोन्हींची सांगड आहे: यादी आणि सूत्र आधी जाहीर करायचं, आणि सीड अशा सार्वजनिक आकड्यांतून घ्यायचं जे अजून ठरायचे आहेत, उदाहरणार्थ ठरलेल्या दिवशीच्या शेअर बाजाराच्या उलाढालीतून. खडकवासल्याचा विसर्ग पुणेकरांना चटकन सुचेल, पण तो बहुधा गोल आकड्यांत सांगतात आणि दरवाजे माणूसच उघडतो, म्हणून चालणार नाही. आकडे ठरले की ते एका फाइलमधून, पुरेशा लांबीला वाढवून, यादी पिसणाऱ्या ‘शफ’ या आज्ञेला यादृच्छिकतेचा स्रोत म्हणून देता येतात. मग कुठलाही सभासद घरी बसून तीच यादी काढून पडताळू शकतो.