पुन्हा पुन्हा अडणारे आतडे : शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

लहान आतड्यात वारंवार होणाऱ्या अडथळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा आधीची एखादी शस्त्रक्रिया असते. पोट उघडले की आतील नाजूक आवरण दुखावते, ते भरून येताना तंतुमय पट्टे तयार होतात, आणि या पट्ट्यांमुळे आतड्याची वेटोळी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटून मुडपतात किंवा पिळली जातात. हे पट्टे कापून अडथळा मोकळा करता येतो, पण त्या कापण्यानेही नव्या जखमा होतात आणि त्यांतून नवे पट्टे उद्भवतात. शल्यचिकित्सकांना या पेचातून सुटण्याची वाट फार काळ सापडली नव्हती.

१९३७ साली टी. बी. नोबल या अमेरिकन शल्यचिकित्सकाने एक धाडसी विचार मांडला. चिकटणे टळणार नसेल, तर ते आपण ठरवू त्या रचनेत होऊ द्यावे. त्यासाठी त्यांनी लहान आतड्याच्या घड्या शेजारी-शेजारी मांडून एकमेकींना टाके घालून जोडल्या, जेणेकरून आतडे चिकटले तरी त्याची नळी कोठे मुडपणार नाही. कल्पना मोहक होती, परंतु शस्त्रक्रिया लांबत असे, टाक्यांच्या जागी आतड्याला भोक पडून गळती होण्याचा धोका राही, आणि कित्येक रुग्णांना नंतर पोटात कळा येत. म्हणून चाइल्ड्स आणि फिलिप्स यांनी १९६० मध्ये आतड्याच्या भिंतीला हात न लावता, तिला धरून ठेवणाऱ्या पडद्यातून लांब टाके ओवण्याची सुधारणा सुचवली. त्याच सुमारास बेकर यांनी टाके पूर्णपणे टाळले. टोकाला फुगा असलेली लांब नळी त्यांनी आतड्यातून पुढे सरकवली आणि काही दिवस आतच ठेवली, म्हणजे ताजे पट्टे घट्ट होईपर्यंत वेटोळी सौम्य वळणांतच राहतील.

या काळात शस्त्रक्रियेविना उपचाराची बाजूही बळकट होत होती. १९३०च्या दशकात अमेरिकेत ओवेन वांगेनस्टीन यांनी नाकातून घातलेल्या नळीने पोटातील द्रव आणि वायू खेचून घेण्याची पद्धत रूढ केली. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची चिन्हे नसतील तर थांबून पाहता येते, हे त्यातून हळूहळू मान्य झाले. अडथळा असताना सूर्य मावळू देऊ नये, या जुन्या दंडकाची धार त्यामुळे बोथट झाली. पाण्यात विरघळणारे एक्स-रेचे द्रव्य पाजून ते मोठ्या आतड्यात पोचते का, हे पाहण्याची आजची रीतही याच विचारातून आली.

पट्टे होऊच नयेत यासाठीचे प्रयत्न मात्र तुलनेने साधे होते. हातमोज्यांवरील टाल्क पावडर चिकटपणा वाढवते हे लक्षात आल्यावर तिच्या जागी स्टार्च आला, तोही निर्दोष नसल्याचे पुढे दिसले, आणि अमेरिकेत २०१७ पासून पावडर लावलेल्या वैद्यकीय हातमोज्यांवर बंदी आली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान असल्याने नवे पट्टे कमी होतात, पण फुगलेल्या आतड्याला उपकरण लागून भोक पडण्याची भीती तिच्यातही असते. त्यामुळे तिच्यासाठी रुग्णांची निवड काळजीपूर्वक केली जाते. नोबल यांची पद्धत आता क्वचितच वापरतात.